जागं व्हायच्या आत

माणसाने पहाटे जागं व्हायच्या आत घराबाहेर पडावं, असं भोंगाकाकांचं ठाम मत होतं. लवकर उठा म्हणणारे जगात पुष्कळ आहेत. काका म्हणायचे, उठूच नका. झोपेतच बूट चढवा, झोपेतच कडी काढा, झोपेतच चालू लागा, जाग नदीवर गेल्यावर येऊ द्या. "जागं झालात की डोकं चालू होतं, साळवी. आणि डोकं पायापेक्षा हुशार. ते तुम्हाला परत झोपवणारच." म्हणून ते चालायचे कपडे घालूनच झोपायचे आणि आम्हालाही तसंच झोपायला लावायचे. बूट पलंगाखाली, तोंडं दाराकडे. आमच्या हिने पहिल्या दिवशी मला पँट-शर्टात अंथरुणावर आडवा झालेला पाहिला आणि विचारलं, "कुठे गावाला निघालायत का?"

भोंगाकाका हे नाव ऐकून कुणालाही वाटेल की माणूस मोठ्या आवाजाचा असेल. छे! त्यांचं बोलणं ऐकायला कान पुढे करावा लागायचा. नाव पडलं ते नोकरीमुळे. अंबरनाथच्या एका जुन्या कंपनीत ते बॉयलरवर होते आणि पहाटेचा भोंगा वाजवायचं काम त्यांच्याकडे होतं. अर्धं अंबरनाथ त्यांच्या हाताने उठायचं, भोंगा झाला की भाकऱ्या तव्यावर पडायच्या. मग कंपनी बंद झाली, भोंगा गप्प झाला आणि काका आले बदलापुरात, आमच्या हेंद्रेपाड्यातल्या गल्लीच्या तोंडाशी. येताना कंपनीतून एकच वस्तू आणली होती, स्वतःच्या लॉकरची पितळी किल्ली.

ती किल्ली ते खिडकीच्या ग्रिलवर वाजवायचे. टक, टक, टक. तीनदाच. तळमजल्यावरच्या पाच खिडक्या त्यांनी धरल्या होत्या. वरच्या मजल्यांना हात पोचत नव्हता, तेव्हा तिथल्या लोकांची तब्येत ज्याची त्याने बघावी. आतून ओ द्यायची ती दोनच प्रकारची: "आलो" किंवा "आज नाही". "आज नाही" म्हटलं की काका पुढे जायचे. का नाही, काय झालं, बरं नाही का, काही विचारायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा टक टक टक, जणू काल काही झालंच नाही.

मात्र "उद्यापासून" हा शब्द त्यांना खपायचा नाही. आमच्या गल्लीत एक वाधवानी शेठ होते, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्यांचं चादरींचं दुकान. गोड माणूस, पण पोट शर्टाचं बटण टिकू द्यायचं नाही. एकदा आतून आवाज आला, "काका, आज छोडो, कल से पक्का." दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांची खिडकी सोडून दिली. संध्याकाळी शेठ तणतणत आले, "मेरे को क्यूं नहीं उठाया? मी वाट बघत बसला ना!" काका शांतपणे म्हणाले, "शेठ, 'आज नाही' म्हणा, शंभर वेळा म्हणा. ती खरी गोष्ट असते. 'उद्यापासून' ही थाप आहे, आणि ती माणूस स्वतःलाच मारतो." शेठनी कान पकडले. नंतर बरेच दिवस ते रोज, अगदी न चुकता, "आज नाही" म्हणाले. पण खरं बोलले.

मी या फंदात पडलो तो हौसेने नव्हे. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी डिस्पॅचला होतो. सकाळी आठला स्कूटरला किक मारायची, परत यायची वेळ ट्रक ठरवणार. दुपारचा डबा चारला उघडायचा, नाहीतर गेटवरचा वडापाव जिंदाबाद. कंपनीच्या तपासणीत साखर निघाली, वर ब्लडप्रेशर. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा." मी म्हटलं, "हो." तेवढं म्हणायला वेळ होता. तेव्हा मी एकोणचाळीसचा होतो. माझे वडील चव्वेचाळीसाव्या वर्षी गेले, ऑफिसच्या खुर्चीत, समोर उघडलेला डबा तसाच. त्यांच्या डब्यातली कोबीची भाजी घरी परत आली होती, ती मला अजून आठवते. चव्वेचाळीस हा आकडा त्या दिवसापासून माझ्या छातीत बसला होता. मुलगी पहिलीत होती. तिच्याकडे बघितलं की मी नकळत हिशेब करायचो, चव्वेचाळीसला ही कितवीत असेल, आणि मग घाबरून पेपर वाचायला घ्यायचो.

हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. काकांना मात्र बोलून गेलो, एकदा नदीवरच्या पुलावर, धुक्यात. धुक्यात माणसाला वाटतं आपण आपल्याशीच बोलतोय. काकांनी "असं बोलू नये" वगैरे काही म्हटलं नाही. विचारलं, "वडील चालायचे?"

"नाही. वेळच नसायचा त्यांना."

"मग त्यांचा रस्ता वेगळा, तुमचा वेगळा. चला, पलीकडच्या कठड्याला हात लावून येऊ."

पुलापर्यंत बोलायचं नाही, हाही त्यांचा नियम. बोललं की जाग येते. त्यामुळे ती चार वर्षं मला एखाद्या लांबलचक स्वप्नासारखी आठवतात. पुढे काकांची पांढरी टोपी, मागे आम्ही दोघं-तिघं, कधी चौघं, डोळे अर्धे मिटलेले, पाय आपापले चाललेत. चुलीच्या धुराचा वास, कुठे तरी म्हशीचं हंबरणं, मग हवेत गारवा यायचा आणि कळायचं, नदी आली. पुलाखाली उल्हास नदी दिसायचीच नाही, नुसती ऐकू यायची. एकदा धुक्यातून एक बाई डोक्यावर भोपळीच्या फुलांची पाटी घेऊन आली, आमच्याकडे बघून हसली आणि धुक्यात गेली. ते खरं घडलं की मी झोपेत पाहिलं, आजही सांगता येत नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "मला पण दिसली. पण मी पण झोपेतच होतो."

झोपेत चालण्याचे तोटेही असायचे. तेव्हा बदलापुरात लाइट जायची ती जायचीच, म्हणून बरोबर बॅटरी घ्यावी लागे. एकदा मी पुलावर पोचलो तेव्हा कळलं की हातात बॅटरी नाही, टीव्हीचा रिमोट आहे. शेठ हसून हसून कठड्याला टेकले. काकांनी रिमोट हातात घेतला, नदीकडे धरला आणि म्हणाले, "दाबून बघा, दुसरं काही लागतंय का." त्याच क्षणी पलीकडच्या डोंगरावर उजाडायला लागलं. आता बोला!

मी मधूनमधून घसरायचो. महिनाअखेरीला माल निघायचा, आठ-आठ दिवस घरी यायला दहा वाजायचे. मग चिडचिड, आणि मनात पक्कं व्हायचं की हे आपलं काम नव्हे, ज्यांना उद्योग नाही त्यांचे हे चाळे. काका म्हणायचे, "बॉयलर पूर्ण थंड झाला ना साळवी, की परत तापवायला दिवस जातो, आणि भांडं तडकायची भीती. म्हणून सुट्टीच्या दिवशी पण आम्ही बारीक जाळ ठेवायचो. पुलापर्यंत नको. कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत या, झाडाला हात लावा, परत जाऊन झोपा." अशा दिवसांत मी खरंच लिंबाच्या झाडाला हात लावून परत आलोय. माझी साखर हळूहळू उतरली ती औषधाने की त्या लिंबाने, ते डॉक्टरांना विचारा. मी लिंबाला मानतो.

काकू मात्र कधी आल्या नाहीत. त्यांचं माहेर वांगणीचं. आम्हाला चालताना बघून त्या दारातून म्हणायच्या, "रिकाम्या हाताने चालायचं कशाला म्हणते मी! पोरगी असताना हंडे घेऊन पाण्याला चालले ना, ते मला जन्माला पुरेल." काका टोपी नीट करायचे आणि आमच्या कानात म्हणायचे, "बरोबर आहे तिचं. चला."

मी त्रेचाळीसचा झालो त्या वर्षी काका मोरीत पाय घसरून पडले. खुब्याचं हाड गेलं. अंथरुणाला खिळले ते खिळलेच. गल्लीतले एकदोन दीडशहाणे म्हणाले, एवढं चालून काय मिळालं? मला संताप आला, मी जाऊन काकांना सांगितलं. ते हसले. "म्हणावं, चाललो म्हणूनच पडायला सत्तर वर्षं लागली." आणि उशीखालून ती पितळी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "चार खिडक्या. आणि पाचवी माझी. माझी सोडायची नाही."

"काका, तुम्हाला कशाला उगाच..."

"का? मी गल्लीत राहत नाही?"

म्हणून मी रोज चार खिडक्या करून शेवटी गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या ग्रिलवर टक टक टक करायचो. आतून तो मऊ आवाज यायचा, "आज नाही, साळवी." रोज. अगदी प्रसन्नपणे, जणू खरंच आजच्यापुरतंच नाही. मी का म्हणून विचारायचो नाही. नियमच होता. पण पुलावर पोचेपर्यंत माझे डोळे भरून यायचे, हे कबूल करतो. दोन-अडीच महिने असे गेले. मग छातीत कफ झाला, आणि काका गेले.

बुद्धविहारातले लोक आले, वंदना झाली. पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही नीट पार पडला. शेठनी दुकान बंद ठेवलं. आणि मी चालणं सोडलं. आधी म्हटलं दुखवटा आहे. मग म्हटलं पाय दुखतात. मग एका रात्री बायकोने विचारलं, "किल्ली नुसती पडलीय, कधी जाणार?" आणि मी म्हणालो, "सोमवारपासून." शब्द तोंडातून गेला आणि मला माझीच लाज वाटली. चव्वेचाळीसाव्याला थोडेच महिने राहिले होते, आणि माझा बॉयलर थंड होत चालला होता.

त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी झोपेत होतो. कधी उठलो, किल्ली कुठून घेतली, काही आठवत नाही. पहिली खिडकी, टक टक टक, "आलो." दुसरी, "आज नाही." तिसरी झाली. चौथीतून शेठ, "आया, आया!" पाय पुढे निघाले, गल्लीचं तोंड आलं, हात वर गेला आणि किल्ली वाजली. टक, टक, टक.

आणि मी खाडकन जागा झालो. मेलेल्या माणसाच्या खिडकीवर! आत त्यांची बायको एकटी झोपलेली. खाली बघतो तर मी लुंगीवर बूट घातलेले. पळून जावं की हात जोडून माफी मागावी, काही सुचेना. मागे शेठ येऊन उभे राहिले होते.

आतून आवाज आला, "आले."

कडी निघाली. काकू बाहेर आल्या. नऊवारी खोचलेली, पायात काकांचे कॅनव्हासचे बूट, नाडीला चार वेढे देऊन घट्ट केलेले. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पुढे चालायला लागल्या. पुलापर्यंत कुणी बोललं नाही. चालताना ते मोठे बूट फटक फटक वाजत होते, तेवढाच काय तो आवाज.

पुलावर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "यांना चालायचा लई कंटाळा."

"कुणाला? काकांना?"

"मग काय! उमर गेली पाचच्या आत उठण्यात. झोपेसाठी जीव टाकायचे. रोज अंथरुणात कुरकुर, आज नाही, आज नाही. मी म्हणायची, मग पडा की गप. तर म्हणायचे, साळवीला भीती आहे वयाची. तो जागा असेल आणि मी नाही वाजवलं तर? की उठायचे, शिव्या घालत." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तुमच्यामुळे उठले ते. माझ्यामुळे उठले नसते."

मला वाटत होतं तो माणूस मला ओढतोय. मी ओ देत होतो म्हणून तो उठत होता, हे त्याने एका शब्दानेही कळू दिलं नाही. मी पुलावर लहान पोरासारखा रडलो. शेठ दुसरीकडे तोंड करून नदी बघत राहिले.

काकू रोज यायला लागल्या. आणि तो दिवस आला. मी मनात मोजून ठेवला होता, कुणाला सांगितला नव्हता. त्या सकाळी मी माझ्या वडिलांपेक्षा एक दिवसाने मोठा होणार होतो. आदल्या रात्री ठरवलं, उद्या जायचं नाही. दारं लावून घरात पडून राहायचं, दिवस टळू द्यायचा. झोप लागलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वेळेला टक्क जागा होतो, छाती धडधडतेय, मुलगी शेजारी पाय पसरून झोपलेली. किल्ली माझ्याकडेच होती, तेव्हा वाजवणारं कुणी नव्हतं. बरंच झालं, म्हटलं.

टक, टक, टक.

किल्लीचा आवाज नव्हता. जरा बारीक, हातातल्या कड्याचा असावा. खिडकीबाहेर ते मोठे बूट थांबले होते. काकूंना तो दिवस माहीत होता की नाही, मी पुढेही कधी विचारलं नाही. नुसत्या उभ्या होत्या. "आज नाही" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते.

"आलो," मी म्हणालो.

पलंगाखाली हात घातला. बूट होते, तोंडं दाराकडे. नाडी बांधताना लक्षात आलं, जायचं नाही असं ठरवून झोपलो होतो, तरी चालायचे कपडे अंगावरच होते.