दृष्टीचा बूट

मुलुंडच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीतला माणूस रंगीबेरंगी स्पोर्ट्सचे बूट जमवतो. रविवारी ते बाहेर गॅलरीत मांडून दातांच्या ब्रशने घासतो. एखादा जोड घातलाच, तर पावलं न वाकवता बदकासारखा चालतो. "सुरकुती पडते ना, काका," म्हणतो. मी हिणवायचो, "अरे, बूट घातलेस की पायाला गळू झालंय?" तो हसायचा.

माझ्या पोराने नवी रिक्षा घेतली. दृष्ट लागू नये म्हणून मागे टांगायला जुना बूट हवा होता. गॅलरीत ह्याचा एक पिवळा पडलेला बूट दिसला. टाकाऊच असणार म्हणून न विचारता उचलला, खिळ्याने भोक पाडलं आणि तारेने बांधला.

संध्याकाळी त्याने पाहिलं. भोकावर अंगठा ठेवून म्हणाला, "काका, माझा पहिला जोड हा. ह्याच्यापासनं सुरुवात केली होती."

चूक माझी, तरी मीच खेकसलो, "मग बाहेर कशाला ठेवतोस?"

मी तार सोडायला गेलो, तर त्याने माझा हात धरला. "राहू द्या. बांधलेलं सोडू नये, नवी गाडी आहे." तार सैल होती. त्यानेच खाली बसून ती घट्ट पिळली.

'चुकलो' एवढं म्हणायचं होतं. महिना झाला, अजून तोंडातून निघत नाही.