कुंडीएवढीच मुळं

आज कुंडीतली कण्हेर काढताना दमट मुळांचा वास आला आणि जुने साहेब आठवले. त्यांच्याकडे मी कामाला होते. कोल्हापुरातल्या नव्या बंगल्याच्या बागेत त्यांनी पाहुण्यांसमोर नारळ फोडून, मी फांदीपासून वाढवलेली जास्वंद लावायला घेतली. मुळं कुंडीत गोल गुंडाळलेली होती. मी हळूच म्हणाले, "साहेब, मुळं सोडवाय पायजेत." फोटोसाठी उलटं फावडं धरून ते म्हणाले, "व्हय मावशी, चौथीत शिकवलं काय हे?" माझी शाळा चौथीतच सुटलेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे हसले. मी मुळं तशीच ठेवून माती लोटली. उन्हाळ्यात जास्वंद वाळली. साहेब म्हणाले, "मातीच बेकार हाय." मी ती एका हातानं उपटून त्यांच्यापुढं धरली. मुळं अजून कुंडीएवढीच गोल होती. "केरात टाका," म्हणाले. इतक्या शिकलेल्या माणसाची कीव करायची सवय मला तेव्हापासून लागली. आज कण्हेरीची मुळं मी कुणालाही न विचारता सोडवली.