कुलूपकाकांची तिसरी ओळ

कुलूपकाका 'हो' म्हणायचे नाहीत, 'हो' आत ओढून घ्यायचे. तोंडाचा चंबू करायचा आणि बशीतला गरम चहा फुर्रकन ओढावा तसा श्वास आत घ्यायचा, की झाला होकार. त्यांच्या स्वीडनमध्ये उत्तरेकडची माणसं असंच करतात म्हणे. मला मात्र पहिल्या दिवसापासून वाटायचं, हा गडी इतका संशयी की स्वतःचा होकारसुद्धा बाहेर सोडत नाही. न जाणो, कुणी पळवला तर!

चौऱ्याऐंशी साली मी बार्शीहून ओहायोला एम.एस. करायला आलो आणि तिथल्याच डब्लिन नावाच्या गावात नलूमावशींच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहिलो. मावशी मूळच्या सांगलीच्या, इथे नर्स. मी वरच्या खोलीत, काका तळघरात. दिवसा ते लोकांची किचन कॅबिनेटं बसवायचे आणि शनिवारी संध्याकाळी एका कॉफीहाऊसमध्ये गिटार घेऊन गायचे. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या. तळघराला तीन कुलपं, गिटारच्या पेटीला दोन आणि फ्रिजमधल्या चीजच्या डब्याला एक चिमुकलं, सुटकेसला असतं तसलं. नाव ठेवायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही.

आपलं मूळ गाव कुठलं, हे त्यांनी मावशींना वर्षभर सांगितलं नव्हतं. "हेर तर नसेल ना रे?" मावशी मला विचारायच्या. मी म्हणायचो, "मावशी, डब्लिनमध्ये हेरगिरी कशाची करणार? लॉन कापायची?" पण खरं सांगतो, मलाही शंका होतीच.

ती वाढली टपालामुळे. महिन्या-दोन महिन्यांनी काकांना रजिस्टर्ड पाकीट यायचं. पाठवणाऱ्याच्या जागी नाव त्यांचंच, अक्षरही त्यांचंच. ते सही करायचे, पाकीट न उघडता पत्र्याच्या ट्रंकेत टाकायचे आणि कुलूप लावायचे. "बिचाऱ्याला पत्र लिहिणारं कुणी नाही रे," मावशी हळहळल्या आणि त्या नाताळात त्यांनीच काकांना एक लांबलचक पत्र टाकलं, त्याच घरातून त्याच घरात! काकांनी ते उजेडात धरून आधी दोन्ही बाजूंनी तपासलं.

मग एकदा त्यांनी स्वतःच खुलासा केला. नवं गाणं झालं की ते कॅसेटवर गायचं, कॅसेट पाकिटात बंद करायची, चिकटवलेल्या जागी शाईचा अंगठा उठवायचा आणि ते स्वतःलाच पोस्ट करायचं. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख म्हणजे गाणं आपलं असल्याचा पुरावा. "पाकीट उघडलं की पुरावा मेला," काका म्हणाले. स्वीडनमध्ये त्यांनी एका मित्राला विश्वासाने गाणं ऐकवलं होतं. ते त्या मित्राच्या नावाने रेडिओवर गाजलं. "तेव्हापासून मी माणसांना फक्त जुनी गाणी ऐकवतो."

त्यांना ठाऊक नव्हतं, की तळघरातल्या घर तापवणाऱ्या भट्टीचा गरम हवेचा पाइप थेट माझ्या खोलीतल्या जाळीपर्यंत येतो. दाराखाली टॉवेल कोंबून ते गायचे आणि वर मला खोकल्यासकट सगळं ऐकू यायचं. एक गाणं तर मला पाठच झालं. बर्फात अडकलेल्या होडीचं. तिसऱ्या ओळीत काठावरून बाप हाक मारतो.

आणि माझी जीभ म्हणजे माकडाचा हात! संक्रांतीला मावशींकडे हळदीकुंकू होतं, पंचवीस माणसं. "नक्कल कर ना रे!" म्हटल्यावर मी कधी नाही म्हटलंय? मी आमचे प्रोफेसर केले, खुद्द मावशी केल्या, मग कुलूपकाका. कुलूप तीनदा ओढून बघणं, आत ओढलेला 'हो', आणि शेवटी होडीचं गाणं. लोक हसून गडाबडा लोळले. हसू ओसरलं तर जिन्याच्या दारात काका. मावशींनीच त्यांना बोलावलं होतं. तळहातावर तिळगूळ तसाच.

"कुणाला विकणार आहेस?" त्यांनी विचारलं. एवढंच. तिळगूळ टेबलावर ठेवून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या जाळीतून ठोकाठोकीचा आवाज आला. पाइप बंद! मावशींच्या घरात मी दोन महिने स्वेटर घालून झोपलो. काकांनी ते गाणं म्हणायचंच सोडलं. मी माफी मागायला जिन्यात उभा राहिलो, की ते माझ्या हाताकडे बघायचे, त्यात टेपरेकॉर्डर तर नाही ना!

मार्चमध्ये एका शनिवारी दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. काका. चेहरा पांढराफटक.

"आज रेकॉर्ड कंपनीचा माणूस येतोय मला ऐकायला. तो हो म्हणाला तर मी गायक. नाही म्हणाला तर एप्रिलमध्ये परत स्वीडनला, भावाच्या लाकडाच्या वखारीत."

"मग होडीचं म्हणा ना, काका!"

"तिसऱ्या ओळीची चालच गेली माझी. दोन महिने म्हटलं नाही ना. पाकीट उघडलं तर पुरावा मेला." मग खाली बघत म्हणाले, "तू चोरलंयस. तू गा."

मी गायला लागलो. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिसरीला माझ्याही डोक्यात अंधार! पण थांबलो असतो तर समोरचा माणूस संपला असता. बार्शीला आमच्या आळीत दर गुरुवारी भजन असायचं. वडील टाळ धरून विठ्ठलाला जशी हाक घालायचे, तशी एक मुरकी माझ्या गळ्यातून आपोआप निघाली. बापाची हाक पूर्ण झाली.

काका टक लावून बघत राहिले.

"हे माझंच आहे?"

"तुमचंच, काका." मी चक्क खोटं बोललो.

त्यांनी श्वास आत ओढला.

संध्याकाळी त्यांनी ते गाणं मुरकीसकट म्हटलं. कंपनीचा माणूस हो म्हणाला. मावशींनी डोळे पुसले आणि मी मात्र टाळ्या वाजवताना चोरासारखा इकडेतिकडे बघत होतो. एप्रिलमध्ये काका खरंच गेले, पण रेकॉर्ड कंपन्यांच्या गावी, नॅशव्हिलला. निघताना गिटारची पेटी गाडीत ठेवून कुलूप तीनदा ओढून बघितलं. माझ्याशी हात मिळवला आणि लगेच स्वतःची बोटं मोजली. हा त्यांचा एकमेव विनोद, आणि तो माझ्यावर होता!

त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. फार खपली नाही. कव्हरवर शब्द, संगीत, सगळीकडे त्यांचंच नाव. आभार कुणाचेच नाहीत. पण तिसऱ्या ओळीला स्वीडनचा बाप बार्शीच्या मुरकीत हाक मारत होता.

पुढच्या हिवाळ्यात मला रजिस्टर्ड पाकीट आलं. आत दुसरं पाकीट, शाईचा अंगठा मधोमध फाटलेला. त्यात ती मूळची कॅसेट होती आणि एक चिठ्ठी: "तिसरी ओळ ऐक. मला संशय तेव्हाच आला होता."

मी कॅसेट लावली. तिसरी ओळ साधी, सरळ. मुरकी कुठेच नव्हती.

खोलीत कुणी नव्हतं. तरी मी तोंडाचा चंबू केला आणि श्वास आत ओढला.