दोघींच्या मार्कांचं कोडं

बारावीला आमच्या घरातून दोघी होतो. मी आणि माझी चुलत बहीण. कॉलेज एक, बाक एक, डबाही एकच. पण डॉक्टर व्हायचं होतं तिला. तसं घरात ठरलेलंच होतं. पहिला नंबर तिने कधी सोडला नाही, आणि माझ्या वह्या बघून सर कपाळाला हात लावायचे. मला सायन्सला घातलं ते तिला एसटीनं माजलगावला जायला सोबत हवी म्हणून.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. धरण तळाला गेलं, ऊस चारा म्हणून जनावरांपुढे पडला, सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. गावात टँकर यायचा, पण कधी ते ड्रायव्हरलाच ठाऊक. नंबर राहावा म्हणून रिकामे हंडे रांगेत मांडायचे आणि शेजारी माणूस बसवायचं, नाहीतर पाठ फिरली की आपला हंडा मागे सरकलाच म्हणून समजा. काकूनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ती अभ्यास करंल. तू बस हंड्यापाशी. तुला कुठं डॉक्टर व्हायचंय?"

मला लई राग आला. पण बोलणार काय? मी तरी तसं कधी म्हटलं होतं!

बारावीचे मार्क मेडिकलला फक्त पात्रतेपुरते आणि सीट मिळणार सीईटीवर, हे घरात सगळ्यांनी ऐकलं होतं. मनावर कुणी घेतलं नव्हतं. हुशार पोरगी कुठंही हुशारच, असा सरळ हिशेब. बोर्डाचा निकाल लागला, बहीण केंद्रात पहिली आली. गावच्या विकास सोसायटीच्या ऑफिसात शाल-नारळ देऊन सत्कार झाला, चेअरमन तिला भाषणात डॉक्टरीणबाई म्हणाले. मी बरी पास झाले होते. मला पेढे वाटायचं काम मिळालं.

मग सीईटीचा निकाल आला. बहिणीला सोबत म्हणून फॉर्म माझाही भरला होता. माझे मार्क एवढे की काकांनी नेट कॅफेवाल्याला नंबर पुन्हा टाकायला लावला. बहिणीचे माझ्या कितीतरी खाली. तिला मेडिकलची सीट मिळणार नव्हती.

काका कारखान्याचे जुने सभासद. ऊस आधी बाहेरच्या काट्यावर तोलून मगच कारखान्यात नेणारा माणूस. त्यांचं निदान तयारच होतं. "काटा मारलाय. बोर्डाच्या काट्यावर भरलेला माल हितं एवढा घटतोच कसा?" ते तडक शहरात जाऊन फेरवजन मागून आले. "करत न्हाईत म्हणे," एवढं बोलून चपला काढल्या. मला हसू फुटलं, पण बहिणीचा चेहरा पाहिला आणि विरलं.

मला मात्र चैन पडेना. काटा मारला नसेल, तर मग झालं काय? काकू ओसरीवर ज्वारी निवडत होती, तिथंच मी बहिणीपुढे सीईटीच्या प्रश्नांचं पुस्तक ठेवलं. तिला सगळं येत होतं. मला न आलेलंही येत होतं.

"मग पेपरात सोडलंस कावून?"

"सोडलं न्हाई गं. तिथवर पोचलेच न्हाई." प्रत्येक गणित कच्च्या कागदावर शेवटपर्यंत मांडल्याशिवाय तिला उत्तरपत्रिकेतला गोल काळा करवत नव्हता. "तू कशी पोचलीस?"

मी सांगू लागले. हंड्यापाशी लिहिता येत नाही, एक हात हंड्यावर लागतो. म्हणून चार पर्यायांचं पुस्तक धरायचं आणि मनातल्या मनात सोडवायचं. टँकरचा हॉर्न वाजला की अर्धा प्रश्न तसाच टाकून पळायचं. उन्हाळाभर हेच केलं, मग अडलेलं सोडून पुढं जायची सवयच लागली. सांगता सांगता माझं बोलणं माझ्याच कानावर पडलं आणि मी काकूकडे बघितलं.

पुढे मेडिकलला पहिल्याच परीक्षेत पानंच्या पानं उत्तरं लिहायची होती. मी आपटले. उत्तर मांडायचं कसं हे मी बहिणीला फोन करकरून शिकले. ती तेव्हा बीएस्सीला होती. त्या सीईटीनं आमच्यात नेमकं काय मोजलं, याचा विचार मी अजूनही करते. एकदा एका प्राध्यापकांना विचारलंही, ते नुसते हसले.

पण त्या दिवशी ओसरीवर कुणी हसलं नाही. काकूचा हात सुपात थांबला होता. "म्हंजे," ती म्हणाली, "म्या हिला रांगेत बसवलं असतं तर..." लेकीला पाण्याला पाठवलं नाही, याचा तिला केवढा अभिमान होता.

बहिणीनं पुस्तक मिटलं. "न्हाई गं आई. मी तितं बी लिहीतच बसले असते."

बहिणीला खोटं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.