माझा पायगुण आणि आप्पांची दोन सीटची गाडी

आमच्या घरात माझ्या जन्माची गोष्ट गाडीपासून सुरू होते. मी दिसायला कशी होते, किती रडायचे, कुणालाच आठवत नाही. पण मला दवाखान्यातून घरी आणलं, दारात आत्तीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि त्याच दिवशी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी बंद पडली ती पडलीच, हे मात्र अख्ख्या गल्लीला पाठ.

आत्ती म्हणजे आप्पांची पाठची बहीण. दिली पेठ वडगावात, पण जीभ माहेरीच ठेवून गेली. "पायगुण गं बाई पायगुण! एवढी पळणारी गाडी, हिचं पाऊल पडलं आन् बसली." हे ती माझ्या बारशात म्हणाली, माझ्या लग्नात म्हणाली आणि मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा माझाच पेढा खाता खाता म्हणाली. सगळे हसायचे. मीही हसायचे. पण खरं सांगू? डसायचं मला ते. घरात मिक्सर जळला तरी आधी मनात यायचं, मी तर हात लावला नव्हता ना?

आप्पांचा गुळाचा व्यापार. लग्नाआधी त्यांनी कुणा इनामदारांच्या बंगल्यातून ही विलायती गाडी घेतली. बुटकी, लाल, दोन सीटची, वर टप नाही. तिच्यातून आप्पा निघाले की तालमीतली पोरं लंगोटावर रस्त्यात यायची म्हणे. गाडी दुरुस्त का केली नाही म्हणून विचारलं, तर आप्पांचं उत्तर ठरलेलं. "पोरगी झाली, माणसं झाली तीन. सीटा दोन. हिला काय टपावर बसवू? टपच न्हाय." मग गाडी घरामागच्या गुळाच्या कोठीत गेली. दर खंडेनवमीला ताडपत्री वर करायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, ताडपत्री खाली.

यंदा मी शाळेतून निवृत्त झाले. घरच्या जेवणात आत्ती म्हणाली, "आता हिचा पायगुण दिवसभर घरात! मिक्सर, फ्रीज सांभाळा रं." आणि माझं डोकंच फिरलं.

"गाडी चालू करून दाखवते," मी ताटावरूनच ओरडले. "खंडेनवमीला! आणि झाली चालू, तर तो शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाहीस."

"आन् न्हाय झाली तर?"

"तर मरेपर्यंत म्हण."

"माझ्या का तुझ्या?" आत्तीनं विचारलं आणि श्रीखंड मागून घेतलं.

आप्पांचा घास मात्र हातातच राहिला. "कशाला उगंच? झोपलीया ती, झोपू दे की," ते पुटपुटले. मला वाटलं, जीव आहे त्यांचा गाडीवर.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक मिस्त्री पाहिले. माणूस तोंडानं भलताच जोरात. "बाई, उडतं इमान आना, चालू करून देतो. गाडीचं काय घिऊन बसलाय!" ताडपत्री काढली आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. चारही टायर जमिनीला चिकटलेले. सीटमध्ये उंदरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार. आणि मुंग्या! इतकी वर्षं गुळाच्या ढेपांशेजारी उभी राहिलेली गाडी ती, स्टिअरिंगसुद्धा हाताला चिकट लागत होतं. मी चाटून बघितलं. गोड होतं. आईशप्पत सांगते, त्या क्षणी मी वेडी झाले.

नवऱ्याचा जुना शर्ट चढवून मी रोज कोठीत जायला लागले. घासायचं, पुसायचं, रॉकेलात बोल्ट भिजत घालायचे. नखं काळी, केसांत ग्रीस, आणि तोंडावर येड्यासारखं हसू. जन्मभर मुलांना "शांत बसा" म्हणून ओरडलेली मी, कुणी नाही असं बघून त्या फाटक्या सीटवर बसायचे आणि तोंडानं ढुर्रर्र करायचे. एकदा दूधवाल्यानं बघितलं. त्यानं दूध दारातच ठेवलं आणि पळाला.

पाण्याचा पंप कुजला होता. मी म्हटलं, परदेशातून मागवू. मिस्त्री असे चिडले, जणू मी त्यांच्या घरच्या तांबड्या रश्श्याला नावं ठेवली. "कोल्हापुरात ऱ्हाऊन भायरनं मागवायचा? आमच्यात काय ओतत न्हाईत ते सांगा!" त्यांनी ओळखीच्या फौंड्रीत पंप ओतून आणला. देखणा, चकचकीत. बसवायला गेलो तर उलटा. डावीकडचं तोंड उजवीकडं. मिस्त्रींनी पंप बघितला, इंजिन बघितलं आणि निर्वाळा दिला, "विंग्रजांनीच चुकीचं बशिवलंय." मी पोट धरून हसले. दुसरा पंप सुलटा आला. पहिला मिस्त्रींनी पिशवीत घालून नेला.

आप्पा रोज कोठीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. रंगाचं काम चाललं की खुश. पण मिस्त्रींचा हात इंजिनाकडं गेला की खुर्चीत चुळबुळ सुरू. "इंजिन खोलू नगा. वरवर साफ करा." वरवर साफ करून का कुठं गाडी चालते? इंजिन जाम होतं, हँडल हलत नव्हतं. शेवटी एका सकाळी मिस्त्रींनी ते खोललंच.

आत एक व्हॉल्व्ह वाकलेला निघाला, आणि त्याच्या खाली काहीतरी अडकलेलं. मिस्त्रींनी पकडीनं ते ओढून काढलं, पँटला पुसलं, उजेडात धरलं. बराच वेळ फिरवून बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "ही करवंटी हाय."

"कसली करवंटी?"

"नारळाची. आन् कसली असती?"

विलायती गाडीच्या इंजिनात नारळाची करवंटी! मी आप्पांकडं वळले, तर ते खुर्चीतून उठून निघालेले. "मी च्या सांगून येतो."

"आप्पा, बसा खाली." माझा शाळेतला आवाज लागला. ते बसले.

मग ऐंशीच्या पुढचा तो माणूस चपलेकडं बघत बोलायला लागला. "तू झालीस त्याचा निरोप आला तवा मी गाडी साफ करत हुतो. कार्बोरेटर काढून ठेवल्याला. तुला आन् तुझ्या आईला हिच्यातनंच आणायचं म्हणून लई आनंद झाल्ता. हातात नारळ घेतला आन् काय सुचंना, गाडीलाच म्हणालो, पोरगी झाली गं! आन् फोडला हिथंच, इंजिनावर. तुकडं उडालं. वेचलं मी सगळं. एक कार्बोरेटरच्या उघड्या भोकात पडलेला दिसलाच न्हाय. तुला सोडलं तवा गाडी खोललेलीच, म्हणून टांग्यातनं आणलं, मग सांजच्याला कार्बोरेटर बसवून चावी मारली. खाडकन् वाजलं आन् खेळ खल्लास."

"आणि आत्ती एवढी वर्षं मला बोलते, ते तुम्ही गप्प ऐकून घेता?" मी हातातला पाना जमिनीवर आपटला. "एकदा तरी सांगायचं होतं!"

"काय सांगू? पोरीच्या नावानं फोडलेल्या नारळानं गाडी मोडली म्हणून? मग तर लोकांनी काय काय म्हटलं असतं तुला! म्हणून सीटा दोन हाईत म्हणून सांगत सुटलो. पर तुझ्या आत्तीनं पायगुण काढलाच." आप्पांनी वर बघितलं. "चुकलंच माझं, पोरी."

मी रडले की हसले, ते मला सांगता येणार नाही. मिस्त्री मात्र डोळे पुसत होते. धूळ गेली म्हणाले.

मला आणायच्या आनंदात गाडी मोडली होती. माझ्या पायानं नाही. मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, शेजारीण नको म्हणत असताना तिला दोनदा सांगितलं.

खंडेनवमीला आत्ती वडगावहून आली. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले. गाडी अंगणात उभी, लाल, झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. आप्पा नारळ घेऊन पुढं झाले आणि मी आणि मिस्त्री एकदम किंचाळलो, "बोनेट बंद हाय का बघा!"

"बोनेटचं काय?" आत्तीनं विचारलं.

आप्पांनीच सांगितलं. सगळ्यांसमोर, सगळं. आत्ती ऐकत राहिली. मग तिनं एकदा माझ्या पायांकडं बघितलं. आप्पांनी फाटकाबाहेर जाऊन, अगदी गटारीच्या पलीकडं, नारळ फोडला. मी चावी मारली. गाडी खोकली, शिंकली, आणि एकदम अशी गरजली की कावळे उडाले. मिस्त्री नाचायला लागले. "नाद करायचा न्हाय! कुणाचा नाद करायचा न्हाय!"

दोनच सीटा. एका सीटवर मी, दुसऱ्या सीटवर आप्पा. नृसिंहवाडीला दत्ताच्या पाया पडून यायचं ठरलं. मागून मिस्त्री मोटारसायकलवर पाने घेऊन. इंजिन तापलं की गाडीतून काकवीचा वास यायचा. शिरोळच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "ओ पावणं, कितीला देताय?" आप्पा वाऱ्यात ओरडले, "इकायची न्हाय! पोरीची हाय!" मी हसत सुटले, इतकी की गाडी जरा रस्त्याखालीच उतरली.

संध्याकाळी परत आलो. पेढ्यांचा पुडा घेऊन मी पायरी चढायला गेले, तर दारात आत्ती उभी. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"थांब तिथंच. तशीच आत येऊ नगंस."

तिनं माझ्यावरून तुकडा ओवाळला आणि लांब टाकला. मग गुडघ्यावर हात टेकत वाकली आणि माझ्या ग्रीस लागलेल्या पायांवर पाणी ओतलं.

"मागल्या टायमाला नीट झालं नव्हतं," आत्ती म्हणाली. "ये आता."