बाटलीच्या तळाची खूण

माझी मावशी पाणी हुंगायची. थट्टा नाही, तिची नोकरीच ती होती. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी ठिकठिकाणच्या नळांचं पाणी बाटल्यांतून यायचं. ते काचेच्या चंबूत ओतायचं, थोडं गरम करायचं, बूच काढायचं आणि नाक लावायचं. यंत्रं होतीच, पण मातकट वास, गंजाचा वास, कुजट वास यंत्राआधी मावशीला कळायचा. एकदा तिच्या एका शब्दावर अख्ख्या वस्तीचं पाणी बंद ठेवलं. दोन दिवस लोकांनी शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी गटाराशेजारी फुटलेला पाइप सापडला, तेव्हा शिव्या थांबल्या. आभार मात्र कोणी मानले नाहीत.

सत्तावीस वर्षं असं काम केल्यावर माणूस संशयी होणारच. "घाण दिसलं तर कोणीही पीत नाही. स्वच्छ दिसतं ना, तेच तपासायचं," असं ती म्हणायची, आणि हा नियम तिने माणसांनाही लावला होता. काका म्हणायचे, "लग्नाआधी हिने मलासुद्धा गरम करून हुंगलं असणार."

वाइनच्या नादाला ती लागली ती एका दाढेमुळे. दंतवैद्यांच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसली असताना चूळ भरायचं पाणी तिने तोंडात घेतलं आणि थुंकून म्हणाली, "तुमच्या नळीत नवं रबर घातलंय. बदला ते." दंतवैद्य चाटच पडले. नळी चारच दिवसांपूर्वी बदलली होती. दाढ काढून झाल्यावर ते म्हणाले, "जखम भरली की एखाद्या रविवारी दुपारी या. असं नाक नुसत्या पाण्यावर वाया जातंय."

महिन्यातून एका रविवारी दवाखाना बंद असायचा आणि रुग्णांच्या बाकांच्या मधोमध एक टेबल मांडलं जायचं. चार वाजता चार माणसं जमायची. एक दंतवैद्य, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या हौसेचे. दुसऱ्या संगीतबाई, व्हायोलिन शिकवायच्या. तिसरे औषधवाले, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक, पासष्टीचे, हळू बोलणारे. आणि चौथी मावशी. प्रत्येकाने पाळीपाळीने बाटली आणायची, आणि ती जुनी हवी. फ्रान्सच्या बरगंडी भागातली लाल, नाहीतर शॅम्पेन. दुसरं काही दंतवैद्य दारातून आत येऊ देत नसत.

पहिल्या रविवारी मावशीला वाटलं, ही शहाणी माणसं एकमेकांना बनवताहेत. द्राक्षाच्या रसाला कसला आलाय पालापाचोळ्याचा वास? मग दंतवैद्यांनी पंचवीस वर्षांची बरगंडी तिच्या पेल्यात बोटभर ओतली. रंग कडेला विटेसारखा झालेला. मावशीने नाक घातलं आणि तिथेच थांबली. ओली पानं, अळिंबी, जुन्या चामड्याची पिशवी, आणि या सगळ्याच्या खाली, फार खाली, सुकलेली चेरी. तिच्या प्रयोगशाळेत हा मातकट वास आला असता तर तिने पाणी बंद केलं असतं. इथे तो हवाहवासा वाटत होता. घरी येऊन ती काकांना म्हणाली, "आयुष्यभर ज्या वासांना हाकलत आले, ते आज समोर बसून गप्पा मारत होते." काका म्हणाले, "पेलाभर प्यायलीस की बाटलीभर?"

अशी दोन वर्षं छान गेली. औषधवाल्यांनी तिला पहिल्या दिवसापासून ताई म्हटलं. त्यांच्या बाटल्या सगळ्यांत जुन्या असायच्या. लसी ठेवायच्या थर्माकोलच्या पेटीतून ते त्या आणायचे. कुठून आणली विचारलं की म्हणायचे, "होती घरात." आणि उठताना रिकामी बाटली, स्वतःची असो की दुसऱ्या कोणाची, बुचासकट टॉवेलात गुंडाळून घेऊन जायचे. कशाला, ते कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांनी तीस वर्षांची एक बरगंडी आणली. दंतवैद्य डोळे मिटून वाहवा करत होते. मावशी मात्र पेला खिडकीकडे धरून बघत राहिली. रंग फार लाल होता. कडा विटकरी नव्हती. वासात ताजं फळ होतं, जुन्या वाइनच्या तळाशी साचतो तो गाळही जेमतेम. तीस वर्षांच्या माणसाचं तोंड बारा वर्षांच्या पोराचं असावं, तसं. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वाइन तरुण, बाटली म्हातारी, आणि रिकाम्या बाटल्या घरी नेणारा माणूस. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि मुरणारं पाणी शोधणं हाच तर तिचा धंदा.

काकांना तिने सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग विचार ना सरळ."

"चोराला विचारून चोरी कळते का?"

"चोर ठरवून मोकळी झालीस?"

 पुढच्या बैठकीला जाताना तिने पर्समध्ये प्रयोगशाळेतली हिऱ्याच्या टोकाची लेखणी टाकली. काचेवर नंबर कोरायला ती वापरत असत. त्या दिवशी पाळी पुन्हा औषधवाल्यांचीच होती, कारण संगीतबाईंची बाटली घरीच पडून फुटली होती. बैठक संपल्यावर पेले धुवायच्या निमित्ताने मावशी रिकामी बाटलीही आत घेऊन गेली. बाटलीच्या तळाला आत वळलेला जो खोलगट भाग असतो, तिथे तिने लेखणीने एक छोटा त्रिकोण कोरला. मग बाटली पुसून टॉवेलाशेजारी नेऊन ठेवली. ते म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात!" ती पेले पुसायला वळली.

त्यानंतर त्यांची प्रत्येक बाटली ती उचलून बघायची. अंगठा आत घालून चाचपायची. त्रिकोण कधीच सापडला नाही. माणसाचा संशय चमत्कारिक असतो. पुरावा मिळाला नाही की तो मरत नाही, उलट म्हणतो, चोर हुशार आहे. औषधवाले खोकले तरी तिला त्यात काही दिसायचं. ते गप्प बसले की वाटायचं, लपवताहेत. बोलले की वाटायचं, सारवासारव करताहेत. एकदा संगीतबाईंनी फार जुनी शॅम्पेन आणली, भाजलेल्या पावाच्या आणि मधाच्या वासाची, बुडबुडे मोजके आणि सुईच्या टोकाएवढे. औषधवाल्यांचे डोळे पाणावले. मावशीच्या मनात आलं, नाटकं!

वर्ष उलटलं. पाळी दंतवैद्यांची. ते अगदी नवरदेवासारखे ऐटीत आले. "आज जे पिणार आहात ना, ते पुन्हा मिळायचं नाही." बाटलीवरचं लेबल मावशीने ओळखलं. औषधवाल्यांनी आणली होती तीच वाइन, तेच साल. ओतली. मावशीने वास घेतला. जॅमसारखा शिजका वास, खाली थोडी साखर, आणि बाकी काही नाही. भांड्यात गरम केलेलं, वर मागाहून काहीतरी घातलेलं. दंतवैद्य बोलत सुटले होते. संगीतबाई मान डोलवत होत्या. औषधवाले कपाळाला आठ्या घालून पेला पुन्हा पुन्हा हुंगत होते.

मावशीने रिकामी बाटली उचलली आणि अंगठा आत घातला. त्रिकोण होता.

ती मला सांगायची की त्या क्षणी तिला आधी आनंद झाला. लाज वाटायच्या आधी आनंद झाला, हे ती कधी लपवायची नाही. सापडलास, असं मनात म्हणून तिने औषधवाल्यांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघतही नव्हते. तिने दंतवैद्यांना विचारलं, "ही कोणाकडून घेतलीत?"

"पुलाजवळचा तो जुन्या वाइनचा दुकानदार. दोन वर्षं त्याच्या मागे होतो. का हो?"

आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या. गप्प राहायचं, म्हणजे आपली खूणही झाकली जाईल. किंवा बोलायचं, म्हणजे आपण वर्षभर काय करत होतो, तेही बोलायचं. पण खराब पाणी कळूनही गप्प बसायची सवय तिला नव्हती.

"ही बाटली आपण मागच्या वर्षी संपवली आहे," ती म्हणाली.

दंतवैद्य हसले. "तसली संपवली. हीच कशी असेल?"

"हीच. तळाला त्रिकोण आहे, हात लावून बघा. मी कोरलाय."

बाटली हातोहात फिरली. संगीतबाईंनी विचारलं, "पण तुम्ही कशाला कोरलात?"

 मग औषधवालेच हळू आवाजात म्हणाले, "माझ्यासाठी. मी बाटल्या परत भरतो की काय, ते बघायला. हो ना?"

"हो," मावशी म्हणाली.

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "रिकाम्या बाटल्या मी त्याच दुकानदाराला देत होतो. दुकानात जुन्या बाटल्यांची भिंत सजवायची आहे म्हणाला. बुचंही अख्खी हवीत म्हणाला. चांगली वस्तू कचऱ्यात कशाला, म्हणून देत राहिलो. त्याच्यावर मी संशय घेतला नाही आणि तुम्ही माझ्यावर घेतलात. दोघांनीही चुकीच्या माणसावर..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं, रिकामी पेटी उचलली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्य तणतणत दुकानात गेले. सजवलेल्या भिंतीवर जेमतेम तीन बाटल्या होत्या. दुकानदार म्हणाला, तुम्हीच नीट ठेवली नसेल. दंतवैद्यांनी रीतसर तक्रार केली. महिन्याभरात तपासणी झाली, आणि मागच्या खोलीत बूच दाबायचं यंत्र, लेबलांचे गठ्ठे आणि ओळीने मांडलेल्या जुन्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. दुकानाला टाळं लागलं.

मावशी औषधांच्या दुकानात गेली. तिच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग होती, म्हणून तीही रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा म्हणाली, "माफी मागायला आलेय."

"त्याचं औषध माझ्याकडे नाही, बाई," ते म्हणाले. ताई नव्हे, बाई. पण त्यांनी गल्ल्यावर दुसऱ्या माणसाला बसवलं आणि तिला मागे नेलं. लसींच्या शीतखोलीला लागून एक अरुंद, काळोखी खोली होती. भिंत बारा महिने थंडगार. तिथे फळ्यांवर बाटल्या आडव्या निजल्या होत्या. "एवढ्या गारठ्यात वाइन हळूहळू म्हातारी होते. म्हणून ती तरुण लागली. नाक तुमचं खरं होतं. तुम्ही फक्त विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

"ताबडतोब," ते म्हणाले. मावशी म्हणते, तेवढं एकच उत्तर तिने आयुष्यात तपासल्याशिवाय खरं मानलं.

तरीही ते बैठकीला आले नाहीत. सात महिने टेबलावर तीनच पेले लागत होते, आणि दंतवैद्यांचा आवाजही खाली आला होता. मग औषधवाल्यांनी दुकान विकायचं ठरवलं, खोली रिकामी करायची वेळ आली, आणि त्यांनी तिघांनाही घरी बोलावलं. जेवणाच्या टेबलावर त्यांची बायको पेले पुसत होती. त्यांच्या मुलीच्या जन्माच्या सालातली शॅम्पेन होती, दोनच बाटल्या. मुलगी आता दूर, दुसऱ्या देशात.

पहिली उघडली. आवाजच आला नाही. रंग कडक चहासारखा, बुडबुडा एकही नाही, वास सडत चाललेल्या सफरचंदाचा. दंतवैद्य घाईघाईने म्हणाले, "वा! काय गहिरेपणा आहे!" संगीतबाई म्हणाल्या, "फारच वेगळी." औषधवाल्यांनी मावशीकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा."

तिने दोन घोट घेतले, उगीच वेळ काढायला. मग म्हणाली, "गेली आहे. बरीच वर्षं झाली असतील."

औषधवाल्यांची बायको फस्सकन हसली. "मी सकाळपासून सांगतेय यांना, बूच ओलं दिसतंय म्हणून!"

तेही हसले, पहिल्यांदाच. पहिली बाटली मोरीत ओतली आणि दुसरी आणली. तिचं बूच हलकेच सुटलं, आणि टेबलावर भाजलेल्या बदामांचा वास पसरला. पाचही पेले एकदमच नाकाशी गेले. मग दंतवैद्यांनी, बहुतेक जन्मात पहिल्यांदा, दुसऱ्या कोणाचंतरी मत आधी विचारलं. संध्याकाळी उजेड असेपर्यंत ते सगळे तिथेच बसले होते. संपून जाईल या भीतीने घोट इतके छोटे घेत होते की औषधवाल्यांची बायको म्हणाली, "अहो, औषध आहे का हे?"