रुद्रभूमीची किल्ली

पंचाक्षरी गिरणीवाला हळू बोलायचं विसरून गेला होता. गिरणीच्या खडखडाटात जन्मभर गिऱ्हाइकाशी ओरडून बोलला, मग घरातबी ओरडूनच. बायको नीलम्मा ताटात भाकर टाकताना म्हणायची, "मी समोरच बसलेय, लातुरात न्हाई." अहमदपूरच्या अलीकडं आमचं गाव. ग्रामसभेत ह्याला भोंगा लागायचा न्हाई, अन् विषयबी एकच असायचा.

"एका माणसाला एक पद! सरपंच तूच, सोसायटीचा चेअरमन तूच, शाळा समितीबी तुझीच. तुझी तक्रार घेऊन माणसानं जावं कुणाकडं?"

"मामाच्या डोक्यात पीठ गेलंय," रुद्रेशअण्णा सरपंच म्हणायचा. लोक हसायचे. लोकांचं काय, एकाच दारात सगळी कामं होत होती.

पंचाक्षरी एकदाच वार्डातून मेंबर झाला. त्याच वर्षी रुद्रभूमी ट्रस्टचे म्हातारे अध्यक्ष वारले. रुद्रभूमी म्हणजे आम्हा लिंगायतांची मातीची जागा. आमच्यात मेलेला माणूस बसवून पुरतात. तिला भिंत हाय, गेट हाय, गेटला कुलूप. सगळे म्हणले, "पंचाक्षरी, तूच हो अध्यक्ष. तुझा बाप तिथंच हाय, झाडलोटबी तूच करतोस."

नीलम्मा म्हणली, "घ्या की. किल्ली तेवढी सांभाळायची."

"मी मेंबर हाय. दुसरं पद घेतलं तर रुद्रेशला कोणत्या तोंडानं बोलू?"

ह्यानं न्हाई घेतलं. रुद्रेशनं घेतलं. त्याचं तोंड कशानंच अडत नव्हतं.

पुढं पंचायतीची जागा सरपंच रुद्रेशनं चेअरमन रुद्रेशला दिली, अन् चेअरमननं तिथं गाळे काढून मेव्हण्याला दिले. पंचाक्षरीनं लातूरला तक्रार केली. चौकशी लागली. ती यायच्या आत हा गिरणीतच पोत्यावर बसल्या जागी गेला.

सकाळी बायांनी पाणी तापवलं. त्याला आंघोळ घातली, विभूती लावली, मांडी घालून भिंतीला टेकवला, छातीवरून धोतर बांधलं, तळहातावर इष्टलिंग ठेवलं. स्वामी आले. खड्डा खणायला गेलेली माणसं मात्र कुदळी घेऊन परत आली. गेट बंद.

नीलम्मा पंचायतीत गेली. रुद्रेश चहा पीत बसला होता.

"सरपंच म्हणून माझी काहीच हरकत न्हाई, मामी. पण अध्यक्ष म्हणून मला ट्रस्टची मीटिंग घ्यावी लागंल. एक पद दुसऱ्यात कालवू नये, हे मामांनीच शिकवलं की."

बसलेली माणसं चहात बघून हसली.

गिरणीवाल्याला शेत कुठलं? बांधाला पुरावं म्हणलं तरी बांध न्हाई. ऊन चढलं. पंचाक्षरीची मान एका बाजूला कलली होती, तोंडावर माश्या, पायाला मुंग्या लागल्या. नीलम्मा पदरानं मुंग्या झाडायची, त्या परत यायच्या. स्वामी म्हणले, "आई, आता थांबण्यासारखं न्हाई."

दुपार कलल्यावर रुद्रेश स्वतःच अंगणात आला, मागं अर्धं गाव. मयताला हात जोडले.

"मीटिंगची गरज न्हाई, मामी. चार लोकांत एवढंच म्हणा, मामांचं चुकलं होतं."

नीलम्मानं नवऱ्याकडं बघितलं. "चुकलं."

"मागच्यांना ऐकू गेलं न्हाई. मामा कसे बोलायचे?"

ती ओरडली, "माझ्या माणसाचं चुकलं!" तिच्या नरड्यातून असा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. मी बी तिथंच उभा होतो.

रुद्रेशनं खिशातून किल्ली काढली. पंचाक्षरीच्या बापाशेजारची जागा ट्रस्टनं राखून ठेवली हाय म्हणला. गटाराकडच्या कोपऱ्यात खड्डा खणायला लावला. मातीच्या वेळी तीन हार घातले, सरपंचाचा, चेअरमनचा, अध्यक्षाचा. दर हाराला स्वतःचं पद मोठ्यानं सांगितलं.

महिन्यानं लातूरचा चौकशीवाला आला. तोवर गटाराच्या वलीनं माती खचून खड्डा पडला होता अन् कुत्री गटारातून आत शिरून तिथं हुंगत फिरायची. नीलम्मा टोपलीभर माती घेऊन रोज गेटापर्यंत जायची, तशीच माघारी यायची.

चौकशीवाल्यानं विचारलं, "तुमच्या यजमानांची तक्रार पुढं चालवायची का?"

रुद्रेश बाजूलाच बसला होता.

"न्हाई," नीलम्मा म्हणली. "त्यांचं चुकलं होतं."

त्या संध्याकाळी गेट उघडलं. तिनं माती टाकली, हातानं चोपली. रुद्रेश दारात उभा होता.

"अशी माती किती दिवस टाकणार, मामी? पक्का ओटा बांधून घ्या. एक अर्ज द्या, मी शिफारस करतो."

"अर्ज कुणाकडं देऊ?"

"माझ्याकडंच की," रुद्रेश म्हणला. "अन् आता बाहेर या, कुलूप लावायचंय."